लेबल काय तपासते, ते लेबलावरच छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाकिटातील अन्न बिघडले की आपला रंग बदलून ग्राहकाला सावध करणाऱ्या ‘स्मार्ट लेबल’विषयी सध्या बरेच लिहिले-बोलले जात आहे. या लेबलांमुळे भेसळीला आळा बसेल, प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहावी लागणार नाही आणि दुकानात उभ्या उभ्या ग्राहकालाच पाकिटाची पारख करता येईल, असा या चर्चेचा एकूण सूर असतो. जिल्हा आरोग्य यंत्रणेच्या लस भांडारात शीतसाखळी, म्हणजे लस कारखान्यापासून बूथपर्यंत सतत थंड ठेवण्याची व्यवस्था, सांभाळण्याचे काम मी नोकरीचा बहुतेक काळ केले आणि तिथे अशाच जातीचे एक लेबल आमच्या रोजच्या वापरात होते. त्या जोरावर सांगावेसे वाटते, की ही लेबले यावीत आणि लवकर यावीत. पण प्रत्येक लेबल नेमकी कोणती एक गोष्ट तपासते आणि कोणत्या गोष्टींबाबत ते मुके असते, हे त्याच्यावरच मराठीत छापण्याची सक्ती आधी झाली पाहिजे. तशी सक्ती नसेल, तर ग्राहकाला गाफील ठेवण्याचे आणखी एक साधन आपण विक्रेत्याच्या हाती देऊ.

आमचे ते लेबल म्हणजे लसीच्या कुपीवरचा ‘व्हॅक्सीन व्हायल मॉनिटर’. आरोग्य खात्यात सगळे त्याला ‘व्हीव्हीएम’ म्हणतात. १९९६ साली ते प्रथम तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीवर आले, कारण नेहमीच्या लसींमध्ये उष्णतेला सर्वांत नाजूक तीच. एक जांभळट वर्तुळ आणि त्याच्या मधोमध एक फिकट चौकोन, इतकेच त्याचे रूप. चौकोनात असा रासायनिक पदार्थ असतो, की जो उष्णता लागत जाईल तसा हळूहळू गडद होतो आणि पुन्हा थंड केला तरी फिकट होत नाही. पोलिओ लसीवरचा चौकोन ३७ अंश सेल्सिअसला दोन दिवसांत वर्तुळाइतका गडद होतो, तर ५ अंशांना त्याला २२५ दिवस लागतात. म्हणजे कुपी कारखान्यातून निघाल्यापासून तिला एकूण किती उष्णता सोसावी लागली, याचा हिशेब ती स्वतःबरोबर घेऊन फिरते. मधल्या कुणी बर्फ बदलला नाही, कुठे वीज गेली, कुठे गाडी उन्हात उभी राहिली, हे लपवायची सोयच राहत नाही. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर बसलेली अंगणवाडी सेविका कॅरियरमधून, म्हणजे बर्फाच्या पेटीतून, कुपी काढली की आधी चौकोनाकडे बघे. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस द्यायची, वर्तुळाएवढा किंवा त्याहून गडद झाला असेल तर कुपी बाजूला ठेवायची. यासाठी तिला रसायनशास्त्र यावे लागत नव्हते, की वरिष्ठांना फोन करावा लागत नव्हता.

ही व्यवस्था यशस्वी झाली याचे श्रेय सर्वसाधारणपणे त्या चौकोनातल्या रसायनाला दिले जाते. माझ्या मते निम्मे श्रेय दुसऱ्याच गोष्टीचे आहे. चौकोन गडद दिसला तर कुपी बाद करण्याचा अधिकार तिथल्या तिथे, सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याला होता. बाद कुपीची नोंद वाया गेलेल्या साठ्यात होई आणि विषय संपे. त्या कुपीची किंमत सेविकेच्या माथी मारली जात नव्हती, म्हणून ती डोळे उघडे ठेवून बघत होती. आता किराणा दुकानदाराचा विचार करा. फ्रीजमधल्या पनीरच्या पाकिटावरचा ठिपका लाल झाला तर नुकसान त्याचे स्वतःचे. वितरक माल परत घेणार नाही, कंपनी वितरकाकडे बोट दाखवणार. अशा वेळी तो ठिपका दर्शनी बाजूला ठेवील, की त्यावर ऑफरचे स्टिकर चिकटवील, याचे उत्तर मुदत संपलेल्या मालावरच्या तारखा थिनरने पुसून नव्या छापल्याच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

व्हीव्हीएमची आणखी एक बाजू बाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसते. ते फक्त उष्णता मोजते. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस), हिपॅटायटिस-बी यांसारख्या लसी गोठल्या तर निकामी होतात, पण गोठलेल्या कुपीवरचा चौकोन फिकटच राहतो. किंबहुना थंडीमुळे तो अधिकच निर्दोष दिसतो. म्हणून आम्हाला ‘शेक टेस्ट’ शिकवलेली होती. संशयित कुपी आणि मुद्दाम गोठवून वितळवलेली कुपी दोन्ही एकत्र हलवायच्या, सपाट जागेवर शेजारी-शेजारी ठेवायच्या आणि गाळ कोणत्या वेगाने खाली बसतो ते पाहायचे. संशयित कुपीतला गाळ गोठवलेल्या कुपीइतक्याच झटपट किंवा त्याहून लवकर खाली बसला, तर ती बाद. प्रत्येक प्रशिक्षणात हे घोकून घेतले जाई, कारण चौकोन फिकट म्हणजे लस उत्तम असा समज एकदा रुजला, की नवा कर्मचारी दुसरे काही तपासायच्या भानगडीत पडत नाही. खाद्यपदार्थांच्या बाबतीत असे प्रशिक्षण ग्राहकाला कोण देणार आहे?

आता ज्या लेबलांची चर्चा आहे, त्यांच्याकडे या नजरेने पाहू. सर्वांत सोपी, स्वस्त आणि प्रयोगशाळांमध्ये भरपूर अभ्यासली गेलेली लेबले आम्ल-अल्कली बदलावर चालतात. त्यांतले तत्त्व आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. हळदीला चुन्याची निवळी लागली की कुंकवाचा लाल रंग येतो. मासळी शिळी होऊ लागली की जिवाणूंच्या क्रियेने तिच्यातून अमोनियासारखे अल्कधर्मी वायू, म्हणजे अमाइन्स, सुटतात. पाकिटाच्या आतल्या बाजूला हळदीतल्या कुरकुमिनचा किंवा जांभळ्या कोबीतल्या रंगद्रव्याचा पातळ थर असेल तर या वायूंनी त्याचा रंग पालटतो. कल्पना सुंदर आहे, त्यातले द्रव्य खाण्यातलेच आहे आणि आपल्याकडे त्याचा तुटवडा नाही. सांगलीच्या हळदीला यातून नवे गिऱ्हाईक मिळाले तर मला आनंदच होईल.

पण हे लेबल कुजण्याची क्रिया ओळखते, विष ओळखत नाही. जुलै २०१८ मध्ये गोव्यात परराज्यांतून येणाऱ्या मासळीत फॉर्मालिन (मृतदेह टिकवण्यासाठी वापरतात ते विषारी रसायन) असल्याच्या संशयावरून मोठा गदारोळ झाला आणि सरकारला बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी घालावी लागली, हे अनेकांना आठवत असेल. फॉर्मालिन मासळीवर टाकतात ते जिवाणूंची वाढ रोखण्यासाठी. जिवाणू वाढले नाहीत तर अमाइन्स सुटणार नाहीत, आणि अमाइन्स सुटले नाहीत तर हळदीचे लेबल पिवळेधम्मक राहून मासळी ताजी असल्याची ग्वाही देत राहील. म्हणजे जिथे धोका सर्वांत मोठा, नेमके तिथेच लेबल सर्वांत आश्वासक दिसेल. फॉर्मालिनसाठी कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने कागदी पट्टीची वेगळी चाचणी तयार केली आहे; ती मासळीवर घासून, वर द्रावणाचा थेंब टाकून पाहावी लागते. ती स्वतंत्र चाचणी आहे आणि तिला पाकिटावरच्या ठिपक्याचा पर्याय नाही.

बांगड्याची गोष्ट याहून बोलकी आहे. बांगडा, कुपा, तारली या माशांमध्ये हिस्टिडिन हा प्रथिनांतला घटक भरपूर असतो. मासा पकडल्यानंतर काही तास जरी बर्फाशिवाय राहिला, तरी जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात. हिस्टामिनला वास नसतो, मासा दिसायला ठीक असतो, आणि हे द्रव्य तळून किंवा उकळून नाहीसे होत नाही. जेवणानंतर थोड्याच वेळात अंग लाल होणे, डोके ठणकणे, छातीत धडधडणे हा त्रास होतो आणि बहुतेक लोक त्याला ‘मासे बाधले’ किंवा ‘अॅलर्जी’ म्हणून सोडून देतात. वायू हुंगणारे लेबल इथे फारसे कामाचे नाही, कारण नुकसान वास येण्याच्या आधीच झालेले असू शकते. इथे व्हीव्हीएमच्या जातीचे, उष्णतेचा हिशेब ठेवणारे लेबल हवे आणि तेही बोटीवरून मासळी उतरवतानाच क्रेटला लागायला हवे. दुकानात चिकटवलेल्या लेबलाला त्याआधीच्या तासांची काही खबर नसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हवाबंद पाकिटातल्या शीतगृहातील मासळीच्या बाबतीत काळ-तापमान दर्शकांचा पर्याय सुचवलेला आहे, तोही याच विचाराने. फक्त तिथे धोका बोट्युलिझमच्या जंतूचा आहे, जो हवा नसलेल्या पाकिटात वाढू शकतो आणि ज्याचे विष मासळीला कुजका वास येण्याआधीच तयार होऊ शकते.

यातून पुढचा मुद्दा येतो. अन्न नासवणारे जिवाणू आणि माणसाला आजारी पाडणारे जिवाणू हे बहुतांशी वेगळे असतात. नासके दूध आपण नाकाने ओळखतो आणि ओतून देतो, त्यामुळे त्यापासून फारसा अपाय होत नाही. साल्मोनेला किंवा लिस्टेरिया मात्र अन्नाची चव, वास, रंग काहीही न बदलता त्यात असू शकतात, आणि लिस्टेरिया तर फ्रीजच्या थंडीतही वाढतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी नावाच्या तयार मांसपदार्थातून लिस्टेरियाची साथ पसरली. हजाराहून अधिक रुग्ण आणि दोनशेहून अधिक मृत्यू झाले. तो पदार्थ लोकांनी नासका आहे म्हणून टाकला नाही, कारण तो नासका नव्हताच.

असे रोगजंतू थेट ओळखणारी लेबले शक्य आहेत का, तर आहेत. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये असा एक पारदर्शक तुकडा दाखवला, की ज्यावर डीएनएचे खास रेणू छापलेले असतात आणि ई. कोलाय जंतूचा स्पर्श होताच ते चमकू लागतात. ती चमक उपकरणाने वाचता येते. पुढे त्याच गटाने कोंबडीच्या तयार मांसासाठी असा ट्रे तयार केला, की मांसातून सुटणारा रस संवेदकाकडे वाहत यावा. हा दुसरा टप्पा मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात मूळ अडचण प्रामाणिकपणे ओळखलेली आहे. जंतू पाकिटात सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. अर्ध्या किलोच्या तुकड्यांत एका कोपऱ्यात जंतू असले आणि लेबल दुसऱ्या कोपऱ्यात असले, तर लेबल गप्प बसणार. आणि ई. कोलाय ओळखणारे लेबल साल्मोनेला ओळखत नाही. प्रत्येक जंतूसाठी वेगळा रेणू लागतो. ‘जंतुमुक्त असल्याची खात्री’ असे शब्द उद्या एखाद्या पाकिटावर दिसले, तर ते कोणत्या जंतूबद्दल आहेत हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला असला पाहिजे.

रासायनिक भेसळीकडे वळलो तर परिस्थिती आणखी गुंतागुंतीची आहे. अमेरिकेच्या एमआयटीतील संशोधकांनी २०१८ मध्येच एक कल्पक पद्धत मांडली. दुकानांत मालाची मोजदाद ठेवण्यासाठी जे स्वस्त आरएफआयडी (रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारे) स्टिकर वापरतात, त्यांचा रेडिओ संदेश डब्यातल्या पदार्थानुसार किंचित बदलतो. तो बदल यंत्राने शिकून घ्यायचा आणि डबा न उघडता आतला माल शुद्ध आहे की नाही ते सांगायचे. लहान मुलांच्या दूध पावडरीतले मेलामाइन हे औद्योगिक रसायन आणि अल्कोहोलमधले विषारी मिथेनॉल यांवर त्यांनी प्रयोग केले आणि अनुक्रमे ९६ आणि ९७ टक्के अचूकता मिळवली. प्रयोगशाळेतले यश म्हणून ते कौतुकास्पदच आहे. परंतु ९६ टक्के हा आकडा दुकानाच्या फळीवर काय रूप घेईल, याचा ढोबळ हिशेब करून पाहावा. दहा हजार डब्यांत खरोखर भेसळीचा एकच डबा असेल आणि यंत्र शंभरात चार वेळा चुकत असेल, तर सुमारे चारशे निर्दोष डब्यांवर भेसळीचा शिक्का बसेल. आठवडाभरात दुकानदार आणि ग्राहक दोघेही त्या यंत्राकडे लक्ष देणे सोडून देतील, आणि तो एक खरा डबा त्या चारशेंच्या गर्दीत निघून जाईल.

मेलामाइनचे प्रकरण मुळात घडले कसे, हेही विसरता येत नाही. चीनमध्ये २००८ साली सुमारे तीन लाख अर्भके आजारी पडली आणि सहा दगावली. दुधात पाणी घातले की प्रथिनांचे प्रमाण घटते आणि चाचणीत पकडले जाते. पण ती चाचणी प्रथिने थेट मोजत नव्हती, नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिनांचा अंदाज बांधत होती. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर. म्हणजे भेसळ करणाऱ्याने आधी चाचणीचा अभ्यास केला आणि मग तिला पुरून उरणारा पदार्थ शोधला. आपल्याकडे दूध संकलन केंद्रावर बसलेल्या कोणालाही हा खेळ नवा नाही: लॅक्टोमीटर पाण्याने खाली जातो म्हणून साखर किंवा मीठ घालायचे, फॅट यंत्रावर मोजतात म्हणून तेल घालायचे. पाकिटावरचे लेबल तर ग्राहकाइतकेच भेसळखोरालाही दिसते. ते काय हुंगते हे त्याला कळले, की ते जे हुंगत नाही ते तो वापरील. आणि ज्याचा धंदाच चोरीचा आहे, तो लेबल लावण्याच्या फंदात पडेलच कशाला? मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्या पिशव्यांवर कसलेच लेबल नव्हते.

भेसळीच्या भीतीपायी आपण खऱ्या धोक्याकडे पाठ फिरवतो, याचा पुरावा सरकारच्या स्वतःच्या पाहणीत आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेऊन तपासले. आरोग्याला घातक अशी भेसळ फक्त १२ नमुन्यांत सापडली. मात्र ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के दुधात, अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा अधिक होते, आणि त्याचे प्रमाण सुट्या कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात जास्त होते. हे विष कोणी दुधात ओतत नाही. बुरशी लागलेली पेंड आणि ओलसर मक्याचा भरडा जनावराच्या पोटात जातो आणि तिथून ते दुधात उतरते. दूध उकळून ते जात नाही, त्याला चव नाही, वास नाही, आणि पिशवीवरच्या कुठल्याही रंगीत ठिपक्याला ते ओळखता येणार नाही, कारण दर किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम इतक्या सूक्ष्म मर्यादेचा हा विषय आहे. त्याचा बंदोबस्त गोठ्यात, पेंडीच्या गोदामात आणि डेअरीच्या प्रयोगशाळेत करायचा असतो. ग्राहकाच्या हाती पिशवी पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

औषधांचे उदाहरण इथे देणे भाग आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि त्यावर न्या. लेंटिन आयोग बसला. तेच विष २०२५ मध्ये खोकल्याच्या औषधात निघाले. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागातली वीसहून अधिक मुले त्यात गेली आणि त्यांपैकी अनेकांवर उपचार नागपूरला झाले होते. मधल्या काळात, १ ऑगस्ट २०२३ पासून, सर्वाधिक खपाच्या ३०० औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे. त्यालाही वृत्तपत्रांतून ‘स्मार्ट लेबल’ म्हटले गेले. वास्तविक हा कोड औषध कोणी, केव्हा, कोणत्या बॅचमध्ये बनवले ते सांगतो. बाटलीत काय आहे हे त्याला कळत नाही. खरा कोड खऱ्या कंपनीने खऱ्या कारखान्यात विषारी बॅचवर लावला, तरी तो मोबाइलवर व्यवस्थित उघडेल. बॅच परत मागवायच्या वेळी त्याचा मोठा उपयोग आहे, त्यामुळे तो असावाच. पण माल कुठून आला हे सांगणारे लेबल आणि माल कसा आहे हे सांगणारे लेबल यांना एकाच नावाखाली खपवणे थांबले पाहिजे.

कायद्याची बाजू तर कोणी लक्षातच घेत नाही. समजा, ग्राहकाच्या हातातल्या पाकिटावरचा ठिपका लाल झाला. पुढे काय? अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने नमुना घ्यायचा, त्याचे चार भाग करायचे, एक भाग अन्न विश्लेषकाकडे पाठवायचा आणि विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा, अशी रीत आहे. २०१५ साली मॅगीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, त्यात नमुने अधिमान्यता नसलेल्या प्रयोगशाळांत तपासले गेले हे एक प्रमुख कारण होते. जिथे सरकारी यंत्रणेने पाठवलेल्या नमुन्यांच्या अहवालावर असे प्रश्न उभे राहतात, तिथे ठिपक्याचा रंग कोण ग्राह्य धरणार? त्याच कायद्याच्या कलम ४० नुसार सामान्य ग्राहकालाही शुल्क भरून पदार्थ विश्लेषकाकडून तपासून घेता येतो आणि पदार्थ सदोष निघाला तर ते शुल्क परत मिळते. तरतूद चांगली आहे, पण तिच्यात अशी अट आहे, की पदार्थ तपासायला देणार असल्याचे ग्राहकाने खरेदी करतानाच दुकानदाराला सांगायचे. ठिपका घरी गेल्यावर लाल झाला, तर ही अट पाळायची कशी? स्मार्ट लेबल आणायचे असेल तर आधी हे कलम दुरुस्त करावे लागेल. ज्या पाकिटावर दर्शक लेबल आहे आणि त्याने धोक्याचा रंग दाखवला आहे, ते पाकीट मुदतीच्या आत दुकानदाराने विनातक्रार परत घ्यावे, दुकानदाराकडून वितरकाने आणि वितरकाकडून उत्पादकाने घ्यावे, अशी साखळी नियमात लिहिली गेली, तरच दुकानदार त्या ठिपक्याचा शत्रू न राहता पहारेकरी होईल. अंगणवाडी सेविकेला जे अभय होते, ते त्यालाही मिळायला हवे.

मग सुरुवात कुठून करावी? माझे मत स्पष्ट आहे. जंतू आणि भेसळ ओळखणारी लेबले अजून प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांची वाट पाहावी आणि आपल्या संस्थांनी त्यांवर काम करावे. उष्णतेचा हिशेब ठेवणारी लेबले मात्र सिद्ध झालेली आहेत, आणि आपल्या बाजारातला सर्वांत रोजचा, सर्वांत दुर्लक्षित गुन्हा नेमका उष्णतेचाच आहे. वीजबिल वाचवण्यासाठी रात्री फ्रीजर बंद करणारी दुकाने प्रत्येक गावात आहेत. आमच्याकडच्या एका दुकानात सकाळी श्रीखंडाच्या डब्यांची झाकणे वर उचललेली आणि आइसक्रीमच्या कपात वरच्या थरावर बर्फाचे खडे दिसतात. विचारले तर ‘कंपनीकडूनच तसा माल येतो’ हे उत्तर तयार असते. कंपनीला विचारले तर ती दुकानाकडे बोट दाखवणार. ज्या लेबलावर सगळ्या प्रवासाचा हिशेब आहे आणि जे डेअरीच्या दारात, दुकानाच्या दारात आणि गिऱ्हाइकाच्या हाती अशा तीन ठिकाणी पाहून नोंदवले जाते, ते हा वाद मिटवू शकते.

प्रत्येक पिशवीला लेबल लावा, असेही मी म्हणणार नाही. पहाटे येऊन सकाळी संपणाऱ्या दुधाच्या पिशवीवर तो खर्च वाया जाईल आणि शेवटी तो एमआरपीत मिसळून ग्राहकाकडूनच वसूल होईल. तिथे क्रेटला एक लेबल पुरेसे आहे. पनीर, श्रीखंड, गोठवलेली मासळी, कोंबडीचे मांस आणि इन्सुलिन या वस्तूंच्या मात्र प्रत्येक नगावर ते हवे. इन्सुलिनचा उल्लेख मी मुद्दाम करतो, कारण लसीप्रमाणे उष्णतेला नाजूक असलेला हा पदार्थ लाखो घरांत जातो आणि तो वाटेत तापला होता की नाही, हे कळायला रुग्णाकडे वाढलेल्या साखरेशिवाय कोणतेही साधन नसते.

युरोपीय संघाने २००४ च्या नियमात, आणि पुढे २००९ मध्ये अधिक तपशिलाने, अशा ‘बुद्धिमान’ वेष्टनांची दखल घेतली आहे आणि अन्नाच्या स्थितीविषयी ग्राहकाची दिशाभूल होईल अशी माहिती त्यांनी देता कामा नये, असे बजावले आहे. आपल्या प्राधिकरणाने लेबलिंगच्या २०२० च्या नियमावलीत याच धर्तीवर, पण आपल्या बाजाराला साजेशी स्पष्ट तरतूद करावी. ठिपक्याशेजारी ‘हे लेबल फक्त उष्णता मोजते, भेसळ, रसायने किंवा रोगजंतू ओळखत नाही’ एवढे एक वाक्य स्थानिक भाषेत, तारखेच्या अक्षरांहून लहान नसलेल्या ठशात छापण्याची सक्ती असावी. रंगभेद न दिसणाऱ्या माणसांसाठी रंगाबरोबर आकारही बदलावा; लाल-हिरव्याचा फरक न कळणारी माणसे आपल्यात पुष्कळ आहेत आणि हा मुद्दा आजवरच्या चर्चेत मला कुठेच दिसला नाही.

राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे माझी विनंती मर्यादित आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून निघणाऱ्या बांगड्याच्या काही क्रेटना आणि एखाद्या जिल्हा सहकारी दूध संघाच्या पनीरला एक उन्हाळाभर, मार्च ते जून, अशी उष्णतादर्शक लेबले लावून पाहावीत. कोणत्या टप्प्यावर चौकोन सर्वाधिक गडद होतो याच्या नोंदी ठेवाव्यात, त्याच मालाचे नमुने अधिमान्य प्रयोगशाळेत हिस्टामिन आणि जिवाणूंसाठी तपासावेत, आणि दोन्ही निष्कर्ष शेजारी-शेजारी मांडून जनतेसाठी खुले करावेत. लेबल आणि प्रयोगशाळा यांचे जिथे पटत नाही, त्या नोंदी वगळू नयेत. शीतसाखळीच्या नोंदी ठेवण्याचा अनुभव असलेले निवृत्त कर्मचारी आरोग्य खात्यात प्रत्येक जिल्ह्यात आहेत. बोलावले तर त्यांतले बरेच जण मानधनाची अपेक्षा न ठेवता येतील.

आपला नम्र,
एक निवृत्त शीतसाखळी तंत्रज्ञ, सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे)